हिंसेचा निषेध की लष्कराचा निषेध?

प्रश्न असा आहे : म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर भारताने आधी 'चिंता व्यक्त केली' आणि पुढे 'निषेध केला', अशा बातम्या आल्या, हे दोन्ही एकच का, आणि हिंदी बातम्यांतील 'निंदा' मराठीत चालेल का?

दोन्ही एकच नाहीत. १ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे सत्तापालटाच्याच दिवशी, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तिथल्या घडामोडींची गंभीर चिंतेने नोंद घेतली. चिंतेला अपराधी लागत नाही. मूल तापाने फणफणले तरी ती वाटते आणि पाऊस लांबला तरी वाटते. शेजाऱ्याशी बोलणे तोडायचे नसते तेव्हा मुत्सद्दी याच शब्दाचा आधार घेतात. निषेध करायचा तर समोरचे कृत्य चूक आहे असे आधी ठरवावे लागते.

पण निषेध नेमका कशाचा, हे षष्ठीच्या प्रत्ययातून कळते. २७ मार्चच्या सैन्यदिनी शंभराहून अधिक माणसे मारली गेली; त्याच दिवशी म्यानमारची राजधानी नेपिडो इथल्या लष्करी संचलनाला हजर असलेल्या आठ देशांच्या प्रतिनिधींत भारताचाही होता. त्यानंतर २ एप्रिलला आपल्या प्रवक्त्याने हिंसेच्या कोणत्याही वापराचा निषेध केला. 'हिंसेचा' म्हटले की कृत्य दिसते, करणारा दिसत नाही, आणि 'कोणत्याही' या शब्दाने तर तो आणखी धूसर होतो. सुरक्षा परिषदेने १० मार्चच्या निवेदनात शांततेने निदर्शने करणाऱ्यांवरील हिंसेचा तीव्र निषेध केला होता. तिथे निदान मार खाणारा तरी वाक्यात आला. 'लष्कराचा निषेध' असा मथळा देणे म्हणजे सरकार जे बोललेच नाही ते त्याच्या तोंडी घालणे होय.

'निंदा' मराठीत टाळावी. आपल्याकडे तिला पाठीमागच्या नालस्तीचा वास आहे, आणि निवेदन तर चारचौघांत केलेले असते. उलट हिंदीत 'निषेध' म्हणजे मनाई, म्हणून तिथे 'धूम्रपान निषेध' अशी पाटी लागते. मूळ संस्कृत अर्थही तोच, आणि तो आपल्या 'विधिनिषेध' व 'निषिद्ध' या शब्दांत टिकून आहे.

एक भेद मात्र मराठीने पाळायला हवा : राजदूताला बोलावून हाती पत्र दिले असेल तर 'निषेध नोंदवला' असे लिहावे, नुसते निवेदन काढले असेल तर 'निषेध केला' एवढेच पुरे.