काळ्या पाषाणात धूर मुरेल का?

प्रश्न : आइसलंडमध्ये कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडून त्याचा दगड करतात, असं वाचलं. आमच्याकडे विहीर खणताना काळा पाषाणच लागतो. मग एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा धूर इथंच का जिरवत नाहीत?
– एक शेतकरी वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : तुमच्या विहिरीच्या ढिगाऱ्यातला मांजऱ्या खडक हातात घ्या. त्याच्या भोकांत पांढरे खडे बसलेले दिसतील. एकेक कुटून त्यावर लिंबू पिळा. सगळे नाहीत, पण काही फसफसतील. तो कॅल्साइट, आणि फसफसून सुटतो तो कार्बन डायऑक्साइडच, लाखो वर्षं दगडात कोंडलेला. तीस वर्षं विद्यार्थ्यांना हे दाखवत आले, तरी तो फेस दिसला की मला अजून भरून येतं.

आइसलंडात हेल्लिशेइदी इथं २०१२ मध्ये हेच मुद्दाम घडवलं. वायू पाण्यात विरघळवून, म्हणजे सोडावॉटर करून, ४०० ते ८०० मीटर खोल बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच काळ्या पाषाणात, सोडला. आंबट पाण्यानं खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सुटलं नि वायूशी जुळून त्याचे खडे बनले. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला होता.

पण तो खडक तरुण आणि मोकळा. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि त्याची पुष्कळ भोकं निसर्गानं आधीच बुजवली आहेत. शिवाय तिथल्या पद्धतीत टनभर वायूला सुमारे पंचवीस टन पाणी लागतं. सिन्नरकरांना याहून जास्त काय सांगू? धुरातही हा वायू जेमतेम सातवा-आठवा हिस्सा, तो आधी वेगळा काढायचा तर वीज खर्ची पडते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खाली पाणी-वायू कोंबल्यानं वाढणाऱ्या दाबाची. कोयनेचं धरण भरू लागल्यावर जमीन हलू लागली आणि ११ डिसेंबर १९६७ला मोठा भूकंप झाला, हे आपण भोगलं आहे. पुढे त्याच भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला. कुठल्या थरात भेगा आहेत, कुठला थर झाकणासारखा घट्ट आहे, हे असं जागोजागी तपासल्याशिवाय एक टनही खाली सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. तोवर कोळसा कमी जाळणं हाच खात्रीचा उपाय.

तुम्ही मात्र ढिगारा हलवण्याआधी किती परसावर कोणता खडक लागला, ते लिहून ठेवा. फसफसणारा खडा कितव्या परसाचा, तेही. मासिकाच्या पत्त्यावर पाठवलंत, तर मी नक्की बघेन.