प्लास्टर घालण्याआधी फिब्युलाची मान आठव

अरे, पायाच्या नर्व्ह नुसत्या पाठ करू नकोस, गुडघ्याच्या बाहेरून जरा खाली हाडाची गोटी लागते ना, ते फिब्युलाचं (पायाच्या बाहेरच्या बारीक हाडाचं) डोकं, त्याच्याखालीच मानेपाशी कॉमन पेरोनियल नर्व्ह हाडाला वळसा घालते, वर कातडीशिवाय फारसं काहीच नाही. तिथे प्लास्टर घट्ट बसलं की फूट ड्रॉप, म्हणजे पाऊल वर उचलता येत नाही, पेशंट चप्पल घासत चालतो. म्हणून प्लास्टरच्या आधी आणि नंतर पायाचा अंगठा वर करायला सांगच, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श कळतो का तेही बघ, ती त्याच नर्व्हच्या डीप पेरोनियल फांदीची जागा. डॉर्सालिस पेडिस (पावलाच्या वरची नाडी) लागली नाही तर आतल्या घोट्यामागे पोस्टेरिअर टिबियल नाडी चाचपड. आणि टिबिया (नडगीचं हाड) फ्रॅक्चरला पल्स लागतोय म्हणून निवांत झोपू नको रे, कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून आतला रक्तपुरवठा अडतो तेव्हा) पल्स बराच वेळ टिकतो, आपण त्याच्या पायाची बोटं ताणल्यावर पेशंट कळवळला तर रात्री 3 वाजता पण सीनियरला उठव.