खुळावलेल्यांची पत्रं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की कुणावर जीव जडल्यावर तुम्ही काय काय वेडेपणा केलात ते मोकळेपणाने कळवा, मी हसणार नाही. पत्रं आली आणि मी हसले. एका पत्राला मात्र हसू आलं नाही, तेही खाली घेतलं आहे. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे. ऑफिसात शेजारच्या टीममध्ये एक मुलगी आहे. आमचं बोलणं ‘हाय’च्या पुढे कधी गेलेलं नाही. परवा रात्री दीड वाजता तिचे फोटो बघत बघत खाली गेलो, सहा वर्षांपूर्वीच्या फोटोपर्यंत पोचलो आणि तिथे लाइकवर बोट पडलं. लगेच काढलं. पण तिला कळलंच असणार असं वाटून मेसेज टाकला, ‘सॉरी, फोन भाच्याच्या हातात होता.’ तिचं उत्तर आलं, ‘ओके’, पुढे हसरा चेहरा. सोमवारी कँटीनमध्ये तिने विचारलं, ‘भाचा केवढा आहे?’ मी म्हणालो, चार वर्षांचा. ताई, मला भाचा नाही. मला बहीणच नाही. आता?

उत्तर : आता भाच्याचं बारसं करण्याआधी थांब. उद्या ती त्याचा फोटो मागेल आणि तू कुणाचं तरी पोर उसनं आणशील.

तुझी गडबड लाइकने झालेली नाही, खुलाशाने झाली. आपण ओशाळलो की जगाचे डोळे आपल्यावरच लागलेत असं वाटतं, पण तेवढे ते लागलेले नसतात. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर एक गमतीदार प्रयोग केला, तो २००० साली छापून आला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, त्या वयात घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्टवर कोण आहे ते किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं त्यांना नंतर विचारलं. त्यांचा अंदाज होता जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. तुझा लाइक कदाचित उरलेल्यांत गेला असता. पण तू स्वतः दार वाजवून सांगून आलास, की बघ, काहीतरी झालंय. शिवाय रात्री दीडला जागं असलेलं चार वर्षांचं पोर! थाप मारायची तर निदान घड्याळ बघून मारावी.

आता करायचं काय? मेसेज नको. तुझे मेसेज तुला झेपत नाहीत हे सिद्ध झालंय. कँटीनमध्ये भेटेल तेव्हा सरळ सांग, ‘भाचाबिचा कुणी नाही. फोटो मीच बघत होतो, लाज वाटली म्हणून थाप मारली. सॉरी.’ एवढंच. पुढे ‘कारण तू मला...’ हे शेपूट त्याच दिवशी लावू नकोस. ती हसली, गप्पा पुढे गेल्या, तर पुढच्या आठवड्यात बाहेर भेटायचं का असं एकदा विचार. नुसतं ‘बरं’ म्हणून ती ताट घेऊन निघाली, तर तेही उत्तरच आहे. आणि हो, तिने भाच्याचं वय विचारलं तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं अशी माझी दाट शंका आहे. पण ही माझी शंका, तिच्यावर तू इमले बांधू नकोस.

राहिलं ते रात्रीचं फोटो-पारायण. १९९९ साली डोनातेल्ला मारात्झिती यांनी इटलीत एक अभ्यास केला. नुकतेच प्रेमात पडलेले २० जण, मंत्रचळाचे (तेच तेच करावंसं वाटण्याच्या आजाराचे) २० रुग्ण आणि २० इतर, अशा तीन गटांचं रक्त तपासलं. प्रेमवीर निवडताना अट अशी होती, की दिवसातले निदान चार तास डोक्यात तेच माणूस हवं. सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) वाहून नेणारं एक प्रथिन पहिल्या दोन्ही गटांत सारखंच कमी निघालं. त्यातल्या काही प्रेमिकांना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं, तेव्हा ते इतरांसारखे झालेले होते. अभ्यास लहान आहे, त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण रात्री दीडला आपण ‘शेवटचा एक फोटो’ म्हणून सहा वर्षं मागे का जातो, हे त्यावरून थोडं समजतं. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लाव. उपाय नीरस आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांनी तो खरोखर केला त्यांची झोप तरी परत आली.

प्रश्न : मी त्याला मोठा मेसेज लिहिला, त्याने नुसता अंगठा दिला. मैत्रिणींच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. एक म्हणते तो लाजाळू आहे, एक म्हणते त्याला राग आलाय, एक म्हणते तो मुद्दाम भाव खातोय. नेमका अर्थ काय?

उत्तर : त्याने मेसेज वाचला. अंगठ्यातून एवढंच निघतं, बाकीचं तुमच्या समितीने घातलंय.

मात्र तुझी झोप का उडाली त्याला कारण आहे. २०११ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी ४७ विद्यार्थिनींना सांगितलं, की दुसऱ्या विद्यापीठातल्या काही मुलांनी तुमची फेसबुक प्रोफाइल पाहिली आहे. काहींना सांगितलं, या मुलांना तुम्ही खूप आवडलात. काहींना, बेताच्या आवडलात. आणि काहींना, दोन्हींपैकी काहीही असू शकेल, ठरलेलं नाही. मुलं सगळ्यात जास्त आवडली ती या तिसऱ्या गटाला, आणि डोक्यात घोळत राहिली तीही त्यांच्याच. म्हणजे अंगठा देणारा मुलगा तुला भारी वाटतोय, त्यात त्याचं कर्तृत्व किती आणि अंगठ्याचं किती, हे आधी बघ. मग एका ओळीत भेटायला बोलाव. समितीला विसर्जित कर.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. वय ४१, संसार चांगला चाललाय. माझा खांदा आखडला होता (फ्रोझन शोल्डर) म्हणून फिजिओथेरपी लावली. खांदा बरा झाला, केस बांधता येतात, वरच्या फळीवरचे डबे काढते. पण फिजिओ समोर आला की हात अर्ध्यावर नेऊन ‘आई गं’ करते. त्याची कोणत्या वारी सकाळची पाळी हे मला पाठ आहे. व्यायामाला जाताना काजळ घालते. घरी परत आले की स्वतःचीच लाज वाटते. मी वाईट बाई आहे का?

उत्तर : वाईट नाही हो. नटी मात्र बेताच्या आहात.

खांदा खरोखर आखडलेला असतो तेव्हा तो दुसऱ्याने उचलला तरीही पुढे जात नाही, सांध्यातच अडतो. फिजिओ आधी तुम्हाला हात उचलायला सांगतो आणि मग स्वतः उचलून बघतो, ते त्यासाठीच. तुम्ही ‘आई गं’ म्हणता आणि त्याच्या हातात तुमचा दंड लोण्यासारखा वर जातो. त्याला कळलं नसेल असं मला तरी वाटत नाही. समजूतदार असेल तर बोलत नसेल. पण तो कोन मोजून फाइलमध्ये लिहितो, आणि पुढचे उपचार त्या आकड्यांवर ठरतात. आकडा मुद्दाम खाली ठेवत राहिलात तर उद्या बऱ्या खांद्यात इंजेक्शन घ्यायची पाळी येईल.

आता मनाचं. तुम्हाला आवडलेला माणूस तो कितपत आहे? पाऊणएक तास कुणीतरी फोन बाजूला ठेवून फक्त तुमच्याकडे लक्ष देतं, ‘आज कसं वाटतंय?’ विचारतं, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतं. हे शेवटचं घरात कधी झालं होतं, आठवा. पत्रात ‘संसार चांगला चाललाय’ याच्या पुढे नवऱ्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि फिजिओच्या पाळ्या मात्र वारांसकट पाठ आहेत. त्याचं लक्ष देणं खरं आहे, पण ते त्याचं काम आहे. तुमच्या पुढच्या पेशंटलाही तो तसंच विचारतो.

पुढच्या वेळी हात पूर्ण वर न्या, आता बरं आहे म्हणा, घरी करायचे व्यायाम लिहून घ्या आणि उपचार संपवा. नवऱ्यापुढे कबुलीजबाब देण्याची गरज मला दिसत नाही, घडलेलं काहीच नाही. पण तो जो पाऊण तास आहे, तो घरात मागून घ्या. मागावा लागतो याचं वाईट वाटेल, तरी मागा. काजळ घालत राहा.

प्रश्न : माझ्या मित्राला एक मुलगी आवडते. तिने दोनदा नाही सांगितलं, मग नंबर ब्लॉक केला. तो आता नव्या नंबरांवरून मेसेज करतो. तिच्या सुटण्याच्या वेळेला समोरच्या फुटपाथवर थांबतो आणि सोबतीला मला नेतो. म्हणतो, ‘लांबून बघतो फक्त, त्रास कुठे देतोय?’ मी नाही म्हटलं तर मैत्री तुटेल. त्याला समजावू कसं?

उत्तर : हेच ते पत्र.

वरच्या मुलाच्या भाच्याची किंमत त्याचा तोच मोजतो आहे. कान त्याचे लाल होतात, थाप त्याची उघडी पडते. तुझ्या मित्राच्या वागण्याची किंमत ती मुलगी मोजते आहे. ती दारातून बाहेर पडण्याआधी फुटपाथ बघत असेल, कुणाला तरी बरोबर घेऊन निघत असेल, अनोळखी नंबर उचलायला घाबरत असेल. आणि तू सोबत जातोस तेव्हा तिला समोर एक नाही, दोन पुरुष उभे दिसतात. तुझ्या मनात काही नाही हे तिला कुठून कळणार? पाठलाग हा अनेक देशांत गुन्हा आहे. साथीदार म्हणून नाव येणं किती पटकन होतं, ते कळायची वेळ आणू नकोस.

तो म्हणेल, ‘तिने मागच्या वेळी उत्तर दिलं होतं ना.’ हो, ‘मला त्रास देऊ नकोस’ असं दिलं होतं. पण त्याच्या लेखी ते उत्तरच. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या, चोच मारून दाणा मिळवणाऱ्या कबुतरांना दरवेळी दाणा मिळाला नाही, अधूनमधूनच मिळाला, तर दाणे बंद झाल्यावरही ती कितीतरी वेळ चोच मारत राहिली. म्हणूनच तिने कारण न सांगता ब्लॉक केलं ते बरोबर केलं. ‘एकदा शेवटचं बोलून घे’ असा निरोप तिच्याकडे तू अजिबात न्यायचा नाहीस.

समजावण्याचे दिवस संपलेत. त्याला सांग, ‘मी येणार नाही, तू गेलास तर तुझ्या घरी सांगेन.’ आणि तो गेला तर खरंच सांग. तो जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलला तर थट्टा समजू नकोस आणि एकट्याने निस्तरायलाही जाऊ नकोस. त्याच्या घरच्यांना त्याच दिवशी कळव, त्याला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. तो भारही त्या मुलीवर टाकायचा नाही. मैत्री तुटली तर तुटू दे.

प्रश्न : वय वर्षे ६८, विधुर. सकाळच्या फिरण्याच्या गटात एक बाई येतात. त्यांच्याशी बोलताना मी वाक्यं विसरतो. त्या भरभर चालतात म्हणून मीही भरभर चालतो, नंतर धाप लागते ती झाडं बघण्याच्या मिषाने लपवतो. गेल्या महिन्यापासून केस काळे करू लागलो. मुलगा हसतो. कानामागे खाज येते. या वयात हे हास्यास्पद आहे का?

उत्तर : थोडं आहे, पण २७ वर्षांच्या मुलाने खोटा भाचा काढला त्यापुढे काहीच नाही. मुलाला हसू द्या.

खाजेकडे मात्र आधी बघा. केसांच्या काळ्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन बहुधा असतं आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. सुरुवात अशीच, कानामागे किंवा केसांच्या कडेला खाजेने होते आणि पुढच्या वेळी चेहरा, पापण्या सुजण्यापर्यंत जाऊ शकते. तेव्हा रंग बंद, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी परवानगी दिली तरच पुन्हा, तेही ४८ तास आधी थोडासा लावून तपासून. काळ्या मेंदीला ‘नैसर्गिक’ समजून तिच्याकडे वळू नका, तिच्यात हेच रसायन सापडतं.

धापही डॉक्टरांच्या कानावर घाला. ६८ व्या वर्षी धाप झाडांआड लपवू नये. त्या बाईंना सरळ म्हणा, ‘तुम्ही फार भरभर चालता, जरा हळू चालाल का? बोलता येत नाही मला.’ बाकी वाक्यं विसरलात तरी चालतील, हे एवढं पाठ करून जा.