पगार होतो, पण दहा तारखेपुढे पुरत नाही

"सर, पगार आहे तरी भागत नाही. माझंच काहीतरी चुकतंय." मी समुपदेशक. पुण्यात नोकरीला आलेली पंचविशीतली मुलं माझ्यापाशी हे इतक्यांदा बोलून दाखवतात की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

महेश (नाव बदललं आहे) उदगीरकडचा, नोकरी हिंजवडीत. हातात 26,000. झोप उडालेली, घरचा फोन वाजला की छातीत धडधड. त्याला कागदावर हिशोब मांडायला लावला. वाकडच्या फ्लॅटमधला वाटा 8,000, मेस 3,500, पेट्रोल 2,500, घरी 8,000, क्रेडिट कार्डाचा 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायचीच रक्कम, 3,000. उरले हजार. लाइट बिल, रिचार्ज, औषधं पुन्हा कार्डावरच.

"यात उधळपट्टी कुठं आहे, दाखव."

त्याला सापडली नाही. परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीची आपली समजूत माणसाला जास्त छळते, असं मी मानतो. पण भाडं ही काही समजूत नव्हे. म्हणून आधी आकडे.

कार्डावर थकबाकी साठ हजार. सुरुवात फ्लॅट बदलताना भरलेल्या डिपॉझिटपासून. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378. तीन हजार भरून मुद्दल फिटतं जेमतेम पाचशे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज.

"घरी आठ हजारच का?"

"पहिल्या पगाराला तेवढे पाठवले होते. कमी केले तर अण्णांना वाटेल, पोरगं बिघडलं."

"अण्णा तसं म्हणालेत?"

"नाही... मीच म्हणतोय."

अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं. मी बसलो. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "म्हणजे घरी पाठवायला मी बँकेकडून वर्षाला 42 टक्क्यांनी उसने घेतोय." हे मी सांगितलं असतं तर त्यानं नुसती मान डोलावली असती.

फोनवर काय बोलायचं ते आधी ठरवलं: किती देणं आहे, किती दिवस कमी पाठवणार आणि नोकरी शाबूत आहे. शेवटचं विसरू नये, आईवडिलांना पहिली भीती तीच असते. अण्णा चिडले, "आधी का नाही सांगितलंस?" म्हणून. मग म्हणाले, "घराचा स्लॅब पुढच्या साली टाकू."

घरी आता तीन हजार. थकबाकीचे बँकेकडून बारा हप्ते करून घेतले. वर्षाला 16 टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण 5,450. व्याजदरासोबत प्रोसेसिंग फी विचारून घ्यावी, आणि हप्ते फिटेपर्यंत कार्ड बंद म्हणजे बंद. राहतात साडेतीन हजार. त्यातले दीड हजार वेगळ्या खात्यात, कारण भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो आणि घर बदलायची वेळ आली की डिपॉझिट नि दलाली पुन्हा आहेच.