ज्या कॉलेजात कधी शिकलोच नाही, त्याच्या फुटबॉल संघासाठी माणसे आयुष्यभर का झुरतात?

तुमचा प्रश्न असा आहे, की अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघांचे जे आजन्म चाहते असतात, त्यांतील पुष्कळांनी त्या कॉलेजाची पायरीही चढलेली नसते. मग ही निष्ठा मुळात सुरू कुठे होते? मी २००९ च्या ऑगस्टमध्ये मंगळवेढ्याहून ज्वारीवरील संशोधनासाठी नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी आलो आणि तेव्हापासून येथेच आहे, म्हणून मुख्यतः येथले सांगतो. माझा अनुभव असा, की सहसा कोणी संघ पारखून निवडत नाही. एखादा जाणता चाहता नवख्याला आपल्या शेजारी बसवून घेतो, आणि पुढे केव्हातरी संघ हरलेल्या दिवशी त्या नवख्याच्या तोंडून न ठरवता ‘आपण’ हा शब्द निघतो. त्या क्षणानंतर माघार नसते.

येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला अडवून पाडण्याचा खेळ, एवढा खुलासा आधी केलेला बरा. व्यावसायिक संघांचे सामने मुख्यतः रविवारी असतात, शनिवार कॉलेजांचा.

नेब्रास्काचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दोन-तृतीयांश आहे आणि वस्ती जेमतेम २० लाख. फुटबॉल, बेसबॉल किंवा बास्केटबॉल यांपैकी एकाही मोठ्या व्यावसायिक साखळीतला संघ या राज्याकडे नाही, त्यामुळे सबंध राज्याची हौस आणि अभिमान लिंकनच्या विद्यापीठाच्या एकाच संघावर येऊन ठेपतो. संघाचे नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. (त्याआधी या संघाला किडे खाणारे अशा अर्थाचे नाव होते, ते मागे पडले, हे बरेच झाले.) त्यांचे मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये, युद्धांत कामी आलेल्या नेब्रास्कातील सैनिकांच्या स्मरणार्थ उभे राहिले. सामन्याच्या दिवशी त्यात एवढी माणसे मावतात, की ओमाहा आणि लिंकन वगळता राज्यातील कोणत्याही शहराची लोकसंख्या तेवढी भरत नाही. पश्चिम टोकाचे लोक सहाशे किलोमीटर गाडी हाकत येतात. जे येऊ शकत नाहीत, ते मक्याच्या आणि सोयाबीनच्या काढणीत गुंतलेले असतात, कारण फुटबॉलचा हंगाम आणि सुगी नेमकी एकाच वेळी येते. अशा घरांतील मुलांची संघाशी पहिली ओळख बापाच्या मांडीवर, काढणीयंत्राच्या केबिनमध्ये, रेडिओवरील समालोचनातून झालेली असते. त्या वयात खेळाचे नियम कळत नाहीत, पण कोणत्या आवाजाला बाप गप्प होतो आणि कोणत्या आवाजाला ओरडतो, एवढे मुलाला नेमके कळते.

याहूनही घट्ट धागा म्हणजे ज्यांना येथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात ते खेळाडू. २०२५ पूर्वी संघाला ठराविक संख्येनेच शिष्यवृत्त्या देता येत. १९९० च्या दशकापासून दीर्घकाळ ही मर्यादा ८५ होती. नेब्रास्काने मात्र शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने सरावाला येणाऱ्या गावोगावच्या मुलांना संघात मोठ्या संख्येने जागा दिली, आणि त्यांतले कित्येक पुढे प्रत्यक्ष सामन्यात खेळले. येथल्या लहान गावांच्या शाळांत अकरा मुले जमत नाहीत, म्हणून आठ-आठ जणांचे संघ करून फुटबॉल खेळतात. अशा गावातला एखादा मुलगा लाल जर्सी घालून त्या मैदानात उतरला, की तो चार वर्षांत एकंदर दहा मिनिटे खेळला तरी सारे गाव पुढची चाळीस वर्षे त्या संघाचे होऊन राहते. २०२५ पासून एकूण खेळाडूंवरच १०५ ची मर्यादा आली आहे आणि तिचा पहिला फटका याच मुलांना बसतो. माझ्या मते हा निर्णय करणाऱ्यांना निष्ठा कुठे पिकते याचा पत्ता नव्हता.

इतरत्र कारणे वेगळी असतात. अलाबामात घराणेच ठरवते. तेथे नव्या माणसाला तो अलाबामा विद्यापीठाचा की त्याच राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाचा, असे पहिल्या भेटीतच विचारतात आणि दोन्हींचा असे उत्तर चालत नाही. इंडियाना राज्यातील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाची गोष्ट याहून निराळी आहे. १९२० च्या दशकात आयरिश, इटालियन आणि पोलिश वंशाच्या कॅथलिक कष्टकऱ्यांकडे अमेरिकेत हलक्या नजरेने पाहिले जाई आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी, कॅथलिकविरोधी संघटनेचा जोर होता. अशा काळात नूट रॉकने यांच्या शिकवणीखालचा हा संघ न्यूयॉर्कला येऊन लष्करी अकादमीच्या संघाशी खेळे, तेव्हा भुयारी रेल्वेने मैदानावर येणाऱ्या या लोकांना तो आपला वाटू लागला. त्यांना ‘सबवेचे माजी विद्यार्थी’ असेच नाव पडले. शिक्षणाचा संबंध शून्य, पण जगाने नाकारलेला मान तो संघ दर शनिवारी मिळवून देत होता.

माझ्याकडे यांपैकी काहीच नव्हते. आमच्या घरात तीन पिढ्यांची पंढरीची वारी आहे, त्यामुळे न निवडता अंगावर आलेली निष्ठा काय असते हे मला ठाऊक होते; पण नेब्रास्काशी नाते सांगायला माझ्याजवळ प्रयोगशाळेतल्या ज्वारीच्या रोपांपलीकडे काही नव्हते. मी भाड्याने राहत होतो त्या घराशेजारी एक निवृत्त शेतकरी राहत. त्यांच्याकडे हंगामाची दोन तिकिटे होती, आणि दुसऱ्या जागेवर बसणारा त्यांचा मुलगा नोकरीसाठी टेक्सासला गेला होता. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांनी दार वाजवून, शनिवारी मोकळा आहेस का, एवढेच विचारले.

तो सामना २६ सप्टेंबर २००९ चा, लुइझियाना-लाफयेतच्या संघाशी. मी निळा सदरा घालून निघालो, तेव्हा शेजारी काही बोलले नाहीत. गाडीच्या मागच्या बाकावरून एक जुनी लाल टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आत ८५ हजारांवर माणसे आणि सगळे लाल. पाठ टेकायला आधार नसलेली लांब बाकडी, त्यावर माणसाला खांदा चोरून बसावे लागेल एवढीच जागा. नेब्रास्काचे पहिले गुण लागताच हजारो लाल फुगे एकदम आकाशात गेले (ही प्रथा २०२२ मध्ये हेलियमच्या टंचाईमुळे थांबली). त्या दिवशी सामना ५५–० असा एकतर्फी झाला आणि मला त्यातले काही म्हणजे काही कळले नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात राहिल्या. पहिली अशी, की सर्व तिकिटे खपलेला तो लागोपाठचा ३०० वा सामना होता. ही मालिका ३ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झाली आणि गंमत म्हणजे तो पहिला सामना नेब्रास्का मिझुरीकडून हरली होती. दुसरी अशी, की सामना संपल्यावर माझ्या भोवतीचे लोक उठून उभे राहिले आणि ५५ गुणांनी हरून बाहेर पडणाऱ्या पाहुण्या संघासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजाऱ्यांना विचारले, तर त्यांनी, ‘एवढ्या लांबून आलेत ते,’ असे उत्तर दिले.

त्या शरद ऋतूत त्यांच्या शेजारी बसून मी खेळ शिकलो, पण त्याहून जास्त आठवणी शिकलो. संघाने जिंकलेल्या विजेतेपदांबद्दल, म्हणजे १९७० आणि १९७१ च्या किंवा टॉम ऑसबोर्न प्रशिक्षक असतानाच्या १९९४, १९९५ आणि १९९७ च्या यशाबद्दल, त्यांनी विचारल्यावरच सांगितले. न विचारता आणि पुन्हा पुन्हा सांगितला तो २ जानेवारी १९८४ चा मायामीतला पराभव. शेवटच्या मिनिटाला नेब्रास्का ३१–३० अशी मागे होती. नुकत्याच लागलेल्या गुणांनंतर मिळणाऱ्या जादा संधीत चेंडू खांबांमधून मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती आणि, त्या वर्षी संघ तोवर अपराजित असल्याने, राष्ट्रीय विजेतेपदही बहुधा पदरात पडले असते. ऑसबोर्न यांनी बरोबरी नाकारून दोन गुणांसाठी डाव टाकला. पास हुकला. हे सांगताना म्हाताऱ्यांचा चेहरा असा असे, की जणू तो निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता आणि उद्या वेळ आली तर पुन्हा तोच घेतील.

मग ५ डिसेंबर २००९ आला. टेक्सासविरुद्धचा बिग ट्वेल्व्ह गटाचा अंतिम सामना आर्लिंग्टनमध्ये होता, म्हणून आम्ही तो शेजाऱ्यांच्या तळघरात दूरचित्रवाणीवर पाहिला. एन्डमुकाँग सू नावाच्या बचावपटूने टेक्सासच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, रात्रभर उभे राहू दिले नव्हते. नेब्रास्का १२–१० अशी पुढे असताना टेक्सासने चेंडू मैदानाबाहेर फेकला, घड्याळात शून्य दिसले आणि आम्ही उड्या मारू लागलो. तेवढ्यात पंचांनी चित्रफीत तपासून घड्याळात एक सेकंद परत घातला. त्या एका सेकंदात टेक्सासने ४६ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारून तीन गुणांचा फिल्ड गोल केला आणि सामना १३–१२ असा गेला. तळघरात कोणी बोलेना. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर फोन वाजू लागला. तो टेक्सासमधल्या मुलाचा असणार हे आम्हा दोघांना ठाऊक होते, पण उचलायला कोणी उठले नाही.

खोलीवर येऊन मी घरी फोन केला. येथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, मंगळवेढ्यात रविवारची सकाळ होती. आवाज ऐकून आईने काय झाले विचारले, तर मी म्हणालो, ‘काही नाही गं, आपण हरलो.’ तिला वाटले क्रिकेटचे काही असेल. ‘आपण म्हणजे कोण रे?’ तिने विचारले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देता येईना तेव्हा माझे काय झाले आहे हे माझ्या ध्यानात आले.

रॉबर्ट सियालडिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेले या विषयावरचे एक संशोधन मी पुढे वाचले. सात विद्यापीठांतील विद्यार्थी, फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालतात, आणि वेगळ्या प्रयोगांत, जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना ‘वी’ (आपण) तर हरलेल्याविषयी बोलताना ‘दे’ (ते) म्हणण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो, असे त्यात आढळले होते. ते विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्याला आपले कॉलेज जिंकल्याचा टिळा लावून मिरवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जन्मभराच्या चाहत्याची परीक्षा मी याच निकषाने उलट बाजूने घेतो. विजयानंतर ‘आपण’ म्हणणारा हौशी असू शकतो, पराभवानंतर म्हणणाऱ्याविषयी मात्र मला शंका राहत नाही. मराठीत तर हा फरक आणखी बारीक दिसतो, कारण ‘आम्ही हरलो’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण हरलो’ म्हणताना त्यालाही आपण दुःखात ओढून घेतो. मी आईला ओढले होते.

चाहता होण्यासाठी संघ जिंकता असावा लागतो, असे ज्यांना वाटते, त्यांनी नेब्रास्काची पुढची वर्षे पाहावीत. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे संघ जिंकला त्यापेक्षा जास्त सामने हरला. २०२१ मध्ये बारापैकी नऊ हरला, आणि ते नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने. रडावे की हसावे कळू नये अशी ती तऱ्हा होती. तिकिटे खपण्याची मालिका तरीही चालू राहिली आणि आता चारशेच्या पुढे गेली आहे. मधल्या वाईट वर्षांत काही सामन्यांची उरलेली तिकिटे देणगीदारांनी उचलून ती टिकवली, यावर टीका होते आणि ती रास्तही आहे. पण आकडा टिकावा म्हणून पदरचे पैसे घालणारी माणसेही कुठून तरी येतातच.

त्याच २०२१ च्या हंगामात, मिशिगनविरुद्धच्या रात्रीच्या सामन्याला मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा घेऊन गेलो. तिकिटे मिळणे तेव्हा अवघड राहिले नव्हते. शेजारी आमच्यासोबत होते. गुडघे दुखत असल्याने पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. अखेरीस नेब्रास्का २९–३२ अशी हरली आणि लोक निमूटपणे उठू लागले, तेव्हा मुलीने माझी बाही ओढून मराठीत विचारले, ‘बाबा, आपण नेहमीच हरतो का?’ ती काय म्हणाली, असे शेजाऱ्यांनी विचारले. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द असल्याने माझ्या भाषांतरात निम्मे गळून पडले असणार. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि मला सांगितले, की पुढचा घरचा सामना महिन्याच्या शेवटी परड्यूशी आहे, तोवर थंडी पडेल, हिला जाड स्वेटर घालून आण.

परड्यूशीही आपण हरलो, २८–२३.