शिकारीचे लेदर बूट सह्याद्रीत चालतील का? आणि ते रुळवायचे कसे?

तुमच्या चुलतभावानं अमेरिकेतल्या मोंटानाहून डोंगरातल्या शिकारीचे बूट आणून दिले, एकदाही न घातलेले. ते ठाण्यात चार पावसाळे माळ्यावर खोक्यात जपून ठेवलेत, आता ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडावर चढणारी अवघड नळीची वाट आणि डिसेंबरात उत्तराखंडातलं केदारकांठा शिखर करायचंय, तर रुळवायला किती दिवस लागतील, असं तुम्ही विचारलंय. दिवसांचं नंतर बघू. ‘खोक्यात जपून ठेवलेत’ हे वाचूनच माझ्या पोटात गोळा आला, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते बूट उजेडात आणा. वरचं चामडं बघू नका, ते चांगलंच असणार. खालचा रबरी तळ आणि वरचं चामडं यांच्या मधे एक जाड थर दिसेल, त्यात अंगठ्याचं नख जोरात रोवा. मग एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात चवड्याचा भाग धरून बूट वाकवा. बारीक भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा थर बोटाला चिकट लागला, तर तो बूट डोंगरावर न्यायचा नाही. जड बुटांमध्ये हा थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. तो ओझं झकास पेलतो, लवकर दबत नाही, म्हणून शिकारीच्या आणि गिर्यारोहणाच्या बुटांत तोच घालतात. पण हवेतल्या दमटपणानं तो आतून विरत जातो. बूट घाला किंवा घालू नका, तो विरतोच, आणि बंद खोक्यात ओल कोंडली तर आणखी लवकर. पाच-सात वर्षांपुढे त्याचा भरवसा धरू नये. मोंटानाच्या कोरड्या हवेत तो जास्त टिकला असता. ठाण्याचे चार पावसाळे म्हणजे वेगळी गोष्ट आहे. (धावायच्या हलक्या बुटांत ईव्हीए नावाचं फोमसारखं हलकं साहित्य असतं. ते असं विरत नाही, नुसतं दबून सपाट होतं.)

हे मला दुकानात बसून कळलं. जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी हयात चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी हातात धरून गेली. शिवनेरी, जीवधन, नाणेघाट बघायला आलेली मंडळी तळ निखळलेला बूट घेऊन दुकानात यायची. अण्णा मला दोन्ही प्रकार हातात देऊन दाखवायचे. पेस्टिंग सुटलेलं असलं तर उघडलेली बाजू स्वच्छ असते, जुनं सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा डिंक, तिथं चकाकतं. ते खरवडायचं, नवं लावायचं, दाबून ठेवायचं, बूट पुन्हा चालू. थर कुजला असला तर दोन्ही बाजूंना भुगा चिकटलेला असतो आणि त्या भुग्यावर जगातलं कुठलंही सोल्यूशन धरत नाही. गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, ‘अहो, चिकटवून द्या की.’ अण्णा नाही म्हणायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत.

आमच्या पुण्याच्या गटात एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. खूप फिरलेले आहेत, वाटा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत नाहीत, हे मी आधीच मान्य करतो. त्यांच्याबरोबर आम्ही नळीच्या वाटेला गेलो, साधले घाटानं उतरायचा बेत. पहाटे पायथ्याच्या बेलपाड्यात गाड्या लावून तयारी करत होतो. माझ्या पायात अ‍ॅक्शन ट्रेकिंग, म्हणजे आपल्याकडचे साधे देशी बूट, तळ कडेनं शिवलेला. नवा जोड घेतला की पहिल्या ट्रेकआधी तो शिवून घ्यायचा, हे आपल्याकडे डोंगरात फिरणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे. माझा अण्णांनी मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवलेला होता. काकांनी बॅटरी खाली मारली.

‘हे काय, रस्त्यावर बसून शिवून आणलंस का?’

‘वडिलांनी शिवलाय, काका.’

‘अरे, आता कमावतोस, बूट तरी बुटासारखा घे. डोंगरावर चांभाराच्या भरवशावर राहायचं नसतं.’

दोघं-तिघं हसले. काकांना आमच्या घरचा धंदा माहीत होता.

त्यांच्या पायात मुलानं परदेशातून पाठवलेले उंच लेदरचे बूट होते, तळाला विब्रमचा पिवळा अष्टकोनी बिल्ला. मोठ्या ट्रेकसाठी म्हणून बरीच वर्षं कपाटात राखून ठेवलेले. त्या बिल्ल्याचा मला आदरच आहे. १९३५ साली आल्प्समध्ये सहा सोबती दगावल्यावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकानं खाचांचा रबरी तळ बनवायचं मनावर घेतलं आणि १९३७ साली तो बाजारात आणला. विब्रम हे नाव त्याच्याच नावावरून आलं. पण तो बिल्ला खालच्या रबराची ग्वाही देतो. मधल्या थराची जबाबदारी बूट बनवणाऱ्याची, आणि त्या थराचं वय बिल्ला सांगत नाही.

नळीत दोन-तृतीयांश वर गेल्यावर, एका कातळटप्प्याच्या तोंडाशी, काकांच्या डाव्या बुटाची टाच खालून उघडली. चवड्यापर्यंत सगळं मोकळं. थोड्याच वेळात उजवा गेला. तिथून परत खाली उतरणं हे वर जाण्यापेक्षा वाईट, कारण मोठाल्या धोंड्यांवरून उतरताना पाय तिरका पडतो आणि सैल तळ निसटतो. माझ्या सॅकमध्ये आरी आणि नायलॉनची दोरी असतेच, अण्णा घरातून निघताना घालून देतात. आरीचा उपयोग नव्हता, टाका धरायला थर उरला नव्हता. मग तळ जागेवर बसवून दोरीनं बांधले. दोरी कुठून न्यायची हे महत्त्वाचं. एक वेढा टाचेच्या पुढच्या खोबणीतून, जिथं तळ जमिनीला कमी घासतो, एक चवड्याच्या मागून, दोन्ही पायाच्या वरच्या बाजूला नाडीत अडकवून गाठ वर. तळाखाली गाठ आली की कातळावर पाय घसरलाच म्हणून समजा. चवड्यामागची दोरी सारखी झिजत होती, ती बदलत बदलत अंधार पडताना आम्ही वर गडाच्या कोकणकड्यावर पोचलो. काका वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

सकाळी मात्र बोलले. ‘घट्ट बांधलंयस की. साधल्यानं उतरू, गाड्या खाली आहेत.’ मी नाही म्हटलं. साधले घाटाच्या उतारावर घसारा आहे, बांधलेला तळ तिथं पायाखाली फिरतो. दुसऱ्या बाजूनं पाचनई गावात उतरणारी वाट सोपी, अवघड ठिकाणी रेलिंग आहेत, आणि काही झालंच तर गाव जवळ. ते चिडले. ‘तू मला डोंगर शिकवणार?’ मी म्हटलं, ‘डोंगर नाही काका, बूट.’ बाकीचे गप्प होते, पण पाचनईच्या बाजूला चालायला लागले ते तेच. गाव यायच्या आधी उजवा तळ दोरीसकट मागे राहिला. शेवटचा टप्पा काकांनी एका मुलाच्या सँडलवर काढला. नंतर गाड्यांपर्यंत जायला अख्ख्या डोंगराला वळसा घालून दिवस गेला, आणि तो गेला याचं मला आजही काही वाटत नाही.

गटात काका अजून सांगतात की बूट डुप्लिकेट निघाले. ते डुप्लिकेट नव्हते. पडलेला तळ मी जुन्नरला नेला होता. अण्णांनी थर चिमटीत धरून चुरला आणि म्हणाले, ‘माल असली आहे. ठेवून ठेवून गेला.’ वरचं चामडं उत्तम होतं, नवा तळ घालून देतो म्हणाले. मी काकांना निरोप दिला. बूट आले नाहीत.

आता तुमचे बूट. थर शाबूत निघाला असं धरू. तरीही ऑक्टोबरात नळीला ते नेऊ नका. हे बूट ज्या कामासाठी बनतात ते काम वेगळं आहे. तिकडचा शिकारी वाटेवरून चालत नाही. तो दिवसभर तिरक्या उतारावर आडवा चालतो आणि परतताना पाठीवर मांसाचं अवजड ओझं असतं. म्हणून तळ कडक, पाय पोटरीपर्यंत बांधलेला, रबर झिजू नये असं टणक. आपल्या काळ्या कातळावर हात टेकून चढायचं असतं, तिथं पायाला खालचा दगड कळायला हवा आणि रबर मऊ हवं. टणक रबर ओल्या कातळावर आणि शेवाळावर सरळ घसरतं. शिवाय आत ऊब देणारं अस्तर असेल. लेबलवर २००, ४०० किंवा ८०० ग्रॅम असा आकडा दिसतो, तो त्याचाच. ऑक्टोबरच्या उन्हात नळीत त्या अस्तरात पाय घामानं भिजेल, भिजलेली कातडी मऊ पडते, मऊ कातडी घासली की फोड. पावसाळ्यात तर वॉटरप्रूफ बूट सह्याद्रीत निरुपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर जायला वाट नसते.

नळीसाठी मऊ रबराचा हलका बूट घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय फुगलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे न्या. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं, आणि नाडी बांधून दुकानातला जिना उतरताना अंगठा पुढे टेकता कामा नये. टेकला तर नखं काळी पडणार, आपले काही गड उतरताना हजार मीटर उतरावं लागतं.

रुळवण्याबद्दल. दिवसांचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कापडी बूट दोन-तीन लहान फेऱ्यांत बसतो. तुमच्यासारख्या जाड चामड्याला महिना-दीड महिना धरा. आधी घरात, मग जिन्यावर, मग येऊरसारख्या जवळच्या डोंगरात, शेवटी पाठीवर ओझं घेऊन. चढण्यापेक्षा उतरून बघा, बूट तिथं चावतो. पायाला कुठं गरम लागलं की तिथल्या तिथं थांबायचं, मोजा काढायचा, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावायची. ‘पुढच्या पाण्याशी थांबू’ म्हटलं की फोड आलाच. गरम पाण्यात बूट बुडवून पायातच वाळवायचा जुना फौजी सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सोल्यूशन सुटतं. चुलीजवळही वाळवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबायचं आणि सावलीत ठेवायचं. एकाच ठिकाणी टोचत असेल तर आठवडेच्या आठवडे सोसू नका. मुरलेला कारागीर ते चामडं किंचित ओलं करून आतून गोल मुठीनं दाबतो आणि तेवढाच भाग पसरवून देतो, थोड्या वेळाचं काम आहे. ‘पाय तयार व्हावे लागतात’ म्हणून रक्त काढणाऱ्यांची मला चीड येते.

काही गोष्टी राहिल्या. घोटा पूर्वी मुरगळला असेल किंवा पाठीवर पंधरा किलो असेल, तर मी हलक्यांचा पक्षपाती असलो तरी उंच बूट घ्या. वॉटरप्रूफ बूट कडेनं शिवून घेऊ नका, भोकांतून पाणी शिरतं. काका हे नेहमी म्हणतात आणि एवढं त्यांचं बरोबर आहे. आणि केदारकांठ्याला, साडेबारा हजार फुटांवर डिसेंबरच्या बर्फात, तुमचे हे बूट खरोखर कामाचे ठरतील. तिथं अस्तरही हवं आणि कडक तळही. म्हणजे रुळवायला आत्तापासून घ्या, पण डिसेंबरसाठी.

मधला थर कुजलेला निघाला तर बूट भंगारात टाकू नका. असं चामडं इकडे सहजी मिळत नाही. जुना थर पूर्ण खरवडून नवा तळ बसवता येतो. हे काम करणारा माणूस शोधा आणि तो मागेल ते पैसे द्या. हजारोंचा बूट घेऊन येणारे लोक शिलाईच्या शंभर रुपयांत घासाघीस करताना मी लहानपणापासून बघत आलोय. ठाण्यात कुणी सापडलं नाही तर माळशेज चढून जुन्नरला या. दुकान मंगळवारी बंद असतं. येताना दोन्ही बूट आणा, एकच आणला तर अण्णा हात लावत नाहीत.