गल्लीतल्या कोणाला फोन लावायचा?

परदेशात हृदय बंद पडलेल्या माणसाजवळच्या स्वयंसेवकांना मोबाइलवर कळवतात म्हणे. त्याने फरक पडतो का? – एक वाचक, जुळे सोलापूर

पडतो. स्टॉकहोममध्ये 500 मीटरच्या आतल्या प्रशिक्षित लोकांना फोनवरून कळवून पाहिलं. 2015च्या त्या अभ्यासात कळवलेल्या गटातल्या 62 टक्के रुग्णांना रुग्णवाहिकेआधीच छातीदाब (छाती हाताने लयीत दाबत राहणं, म्हणजे सीपीआर) मिळाला. न कळवलेल्या गटात 48 टक्क्यांना. जीव वाचण्यात मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. तरी मला हा मार्ग पटतो, कारण छातीदाबाविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

आमच्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर निरोप टाकला तर? – एक कार्यकर्ता, अशोक चौक

तेवढ्यावर विसंबू नका. निम्म्यांचा ग्रुप म्यूट असतो, आणि ज्याने वाचलं त्याला वाटतं, दुसरा कोणी गेला असेल. आधी 108 ला फोन लावा. त्याच वेळी दुसऱ्याने ठरलेल्या चार-पाच जणांना थेट कॉल करावा. ही माणसं दिवसभर गल्लीतच असणारी हवीत: किराणा दुकानदार, शिंपी, आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका. त्यांना आपण विचारतच नाही, पण भर दुपारी शेजारी हमखास त्याच सापडतात. यंत्रमागाच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातला नंबर घ्यायचा तर दाराशी बसणाऱ्याचा घ्या. एकाने कोपऱ्यावर उभं राहून रुग्णवाहिकेला घर दाखवावं. आणि या सगळ्यांना छातीदाब आधी शिकवून ठेवा. नाहीतर फोन गेला तरी ती नुसती गर्दी होते.

शेजारचे काका कोसळले, पण घोरल्यासारखा श्वास चालू होता म्हणून आम्ही थांबलो. चुकलं का? – एक वाचक, होटगी रोड

हे ऐकून वाईट वाटलं, पण स्वतःला दोष देऊ नका. अशा वेळी बहुतेकजण फसतात. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं तसे आचके येऊ शकतात. हाक मारून, खांदे हलवूनही माणूस उठत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की सुरू करा. खाटेवरून जमिनीवर घ्या. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, 5 ते 6 सेंटीमीटर दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला. पाणी पाजू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

मदत केली आणि माणूस गेला तर पोलिसांचं लचांड लागेल का?

भारतीय न्याय संहितेचं कलम 30 बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. निर्धास्तपणे हात लावा.